वळीव यायच्या आत: टाकी, भेगा, चटणी, कोटिंग. गच्ची कधी कुणाला द्यायची?

अंगणकट्टा

रंगपंचमी झाली की स्वतंत्र घर असलेल्यांच्या हातात पाच-सहा आठवडे राहतात. एप्रिलच्या मध्यानंतर दुपारी चारच्या पुढं आभाळ कधी भरून येईल याचा नेम नाही, आणि आपल्याकडचा वळीव वाऱ्यासकट येतो. घरफाळा, परीक्षा, सकाळची शाळा, जोतिबाची यात्रा हेही सगळं त्याच दिवसांत.

कामांच्या याद्या सगळ्यांकडं असतात. घोळ होतो तो क्रमाचा, कारण गच्ची एकच. तिच्यावरच टाकी धुवायची, भेगा भरायच्या, मिरची वाळवायची, कुरडया घालायच्या आणि गळतीवरचं वॉटरप्रूफ कोटिंगही मारायचं. मिरची पसरलेली असताना गवंड्यानं ग्राइंडर लावला की सिमेंटची धूळ वर्षभर पोटात. उलट कोटिंग आधी उरकलं तर वाळवणाच्या खाटा आणि पायांची वर्दळ नव्या थरावर.

म्हणून क्रम असा धरावा. आधी टाकी, आणि तिच्यातून निघालेल्या पाण्यानं गच्ची. मग भेगा आणि वाटे (कठड्याच्या पायाशी भरायचे गोलसर कोपरे), त्यांच्यावर सात दिवस पाणी. पाणी बंद केल्यावर सिमेंट आतून वाळायला आठ-दहा दिवस जातातच. ते दिवस वाळवणाला द्यायचे. डबे भरले की कोटिंग. चैत्र पौर्णिमेच्या आसपास मिस्त्री, प्लंबर, बिगारी कुणी मिळत नाही, सगळे यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर. तो आठवडा कामात धरूच नका.

घरफाळ्याचं एका ओळीत: वर्ष ३१ मार्चला संपतं. घर ग्रामपंचायतीत असेल तर घरपट्टी भरताना नमुना ८ चा उताराही काढून ठेवा, नाव आणि बांधकामाचं क्षेत्र तपासा. बाकी जाणकारांनी लिहावं.

गवंडीकाम

क्रम बरोबर आहे. भेगांचं सांगतो.

आधी भेग कसली ते ओळखा. कोब्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील तर त्या वरच्या थरापुरत्या. त्या फोडत बसू नका, कोटिंगखाली जातात. पॅरापेटच्या (कठड्याच्या) पायाशी किंवा तुळईच्या रेषेत सरळ धावणारी भेग वेगळी. तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण करा, सकाळी सातला आणि दुपारी तीनला दोन खुणांमधलं अंतर मोजा. फरक पडला तर भेग हलती. हलत्या भेगेत सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी, नाहीतर शेजारी नवी भेग. तिथं लवचिक क्रॅक फिलरच लागतो.

भरायच्या आधी ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच: तोंड ५ ते ६ मिलिमीटर, खोली १० च्या आसपास. तारेचा ब्रश, मग धूळ फुंकून काढायची, मग फडकं. बहुतेक मिस्त्री धुळीत घाई करतात. फिलर सिमेंटला चिकटण्याऐवजी धुळीला चिकटतो आणि महिन्याभरात नखानं पट्टी निघते तसा निघून येतो.

वाटा म्हणजे गच्ची आणि पॅरापेट मिळतात तो कोपरा गोलसर भरणं. जुन्या गिलाव्याला टाचे मारा, पाण्यानं भिजवा, सिमेंटची लापशी फिरवा आणि १ ला ३ चा माल भरा. वॉटरप्रूफिंगचं लिक्विड ५० किलोच्या पोत्याला २०० मिली. बिगारी डोळ्यानं अंदाज घेऊन ओततो तसं नको, जास्त झालं तर मालाची ताकद जाते. वाटा तीन इंच बाय तीन इंच. एप्रिलच्या उन्हात नुसतं पाणी मारलं तर तासात उडतं, म्हणून ओलं तरट अंथरून ते भिजत ठेवायचं. वाटा पांढरा पडला आणि केसासारख्या रेघा आल्या की समजा दुपारचं पाणी चुकलं.

सगळ्यात जास्त गळती होते ती गच्चीच्या मधोमध नाही, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी. पाइप आणि कोबा यांच्या जोडावर ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा गोल फोडून नव्यानं बसवावा लागतो. वरून पुट्टी चोपडून भागत नाही.

शंकेखोर

कोटिंगच्या भानगडीत न पडता चुना मारला तर? गच्ची थंडही राहते आणि खर्च निम्म्याहून कमी.

गवंडीकाम

थंड राहते हे खरं. पण चुना पाणी अडवत नाही, नुसतं ऊन परतवतो. पहिल्या दोन वळवांत निम्मा पाइपातून खाली. आणि एकदा चुना मारला की त्याच्यावर ऍक्रिलिक कोटिंग धरत नाही. खालची भुकटी सुटते आणि कोटिंगचे पापुद्रे येतात. नंतर कोटिंग करायचंच असेल तर चुना तारेच्या ब्रशनं पुरा खरवडावा लागतो, त्या मजुरीत चुन्याची बचत संपते. गळती नसलेल्या घराला चुना चालेल.

टीसीएल_पुडी

टाकी. हजार लिटरची काळी टाकी धरून सांगते, बाकीच्यांनी त्या हिशेबात करावं.

आदल्या दिवशी मोटर लावू नका, पाणी वापरून खाली जाऊ द्या. तळाशी वितभर राहिलं की आत उतरून किंवा लांब दांड्याच्या ब्रशनं गाळ ढवळा आणि वॉशआउटचा कॉक सोडा. वॉशआउट नसलेली टाकी असेल तर बादली आणि फडकं, दुसरा मार्ग नाही. भिंतींना साबण नको, वास महिनाभर राहतो. कडा आणि झाकणाची खोबण घासा, बुळबुळीत शेवाळ तिथंच असतं.

मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी, कोरडी, झणझणीत वासाची असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, आणि टाकी निर्जंतुक करायला हजार लिटरला १५० ग्रॅम पुरते. पुडी फोडून काही आठवडे झाले असतील तर २५ टक्के धरून २०० ग्रॅम घ्या. गोळे झालेली, वास गेलेली पावडर फेकून द्या. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लापशी करायची, मग बादली भरायची आणि पंधरा मिनिटं ठेवायची. चुन्याचा गाळ खाली बसतो. वरचं निवळच टाकीत ओता, गाळ नको. टाकी भरून रात्रभर ठेवा. घरातला एकेक नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा, म्हणजे पाइपही आतून धुतले जातात. सकाळी सगळं सोडून द्या आणि साध्या पाण्यानं एकदा भरून रिकामी करा.

तीन गोष्टी न चुकता. वॉटर प्युरिफायरचा कॉक आधी बंद, आरओच्या पडद्याला क्लोरीन चालत नाही. फरशीचं ऍसिड आणि टीसीएल एकाच वेळी एकाच जागी वापरायचं नाही, विषारी वायू निघतो, आणि टाकीच्या आत असाल तर पळायलाही जागा नसते. हे पाणी गच्ची धुवायला उत्तम, पण पाइपाचं तोंड बागेत सुटत असेल तर त्या दिवशी वळवून गटाराला लावा.

ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी बांधा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून झाडांखालच्या ताटल्या आणि कूलर आठवड्यातून एक दिवस कोरडे करायचे.

फुलेवाडी_फाटा

२०० ग्रॅम? हजार लिटरला चिमटीभर पावडर पुरते असं ग्रामपंचायतीतून सांगतात. इतकी टाकली तर पोरांच्या घशाचं काय होईल?

टीसीएल_पुडी

दादा, दोन कामं वेगळी आहेत. प्यायचं पाणी शुद्ध करायला चांगली पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आणि तासभर थांबून वापरायचं. तेच ग्रामपंचायतवाले सांगतात, आणि बरोबर सांगतात. दीडशे-दोनशे ग्रॅम हे रिकामी टाकी आणि पाइप निर्जंतुक करायला, ते पाणी कुणी प्यायचं नाही, सगळं सोडून द्यायचं. म्हणून त्या रात्री स्वयंपाकघरात दोन घागरी आधीच भरून ठेवा, आणि नळाला चिठ्ठी चिकटवा. पोरं रात्री उठून नळाखाली तोंड लावतात.

उन्हाचा_बंब

टाकीवाल्यांनी पाणी तापवायच्या सोलरचं लिहिलं नाही, आणि नळ्या नेमक्या टाकी धुण्याच्या दिवशीच फुटतात.

काचेच्या नळ्यांचा सोलर रिकामा करून उन्हात ठेवला की नळ्या आतून दोनशे अंशांच्या पुढं तापतात. दुपारी टाकी धुऊन झाली, पाणी सोडलं, गार पाणी तापलेल्या काचेवर गेलं की तडा. टाकी धुताना सोलरच्या गार पाण्याच्या लाइनचा कॉक बंद करा, सोलर भरलेलाच राहू द्या. रिकामा झालाच तर नळ्यांवर ताडपत्री टाका आणि सूर्य उगवायच्या आत भरा, नाहीतर मावळल्यावर दोन तासांनी.

नळी बदलायची असेल तर जाडी आणि लांबी दोन्ही मोजून दुकानात जा. बहुतेक घरांत ५८ मिलिमीटर जाड, १८०० लांब, पण ४७ आणि १५०० वालीही असते आणि ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत. रबरी रिंगला साबणाचं पाणी लावून नळी फिरवत घालायची, सरळ दाबली की रिंग आत दुमडते आणि थेंब थेंब गळते. बोअरचं पाणी असेल तर नळीच्या तळाशी पांढरा क्षार साठतो, पाणी कमी तापायला लागतं ते त्यामुळं. दोन-तीन वर्षांनी नळ्या काढून धुवाव्या लागतात.

चैत्रात सोलरचं पाणी उकळीच्या जवळ जातं. बादलीत आधी गार, मग गरम. लहान पोरं असतील त्या बाथरूमचा गरम नळ उन्हाळ्यापुरता खालनं बंद केलेला बरा.

डंकवाली

गच्ची धुऊन, वाटे भिजवून झाले असतील तर आता आमची पाळी.

घरच्या चटणीचं माप एक किलो मिरचीवर: ब्याडगी ६०० ग्रॅम रंगाला, संकेश्वरी ३०० चवीला, लवंगी १०० तिखटाला. पोरं खाणारी असतील तर लवंगी काढून ब्याडगी वाढवा. धणे १५०, तीळ १००, जिरे ५०, सुकं खोबरं २५०, लसूण २५०, आलं ५०, कांदा अर्धा किलो, खडे मीठ २५०, तेल २०० ते २५० मिली. मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, बाद्यान, मसाला वेलदोडे दहा-दहा ग्रॅम, मेथी दहाच्या वर नको, कडू होते. हळकुंड आणि खडा हिंग तेलात फुलवून.

मिरची देठ काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात. वाळली का ते हातानं नाही, कानानं कळतं: मूठभर उचलून हलवली की आत बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि साल मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून एक दिवस. संध्याकाळी चारच्या आत गोळा करून कापडात बांधायची, रात्रीच्या गारव्यानं ती परत ओल धरते.

चटणी बिघडते ती कांद्यानं. उभा पातळ चिरून एक-दोन दिवस उन्हात टाका, मग तेलात कुरकुरीत आणि तपकिरी होईतोवर तळा. मऊ राहिलेला कांदा डंकात (चटणी कुटायच्या गिरणीत) गोळे करतो, आणि आषाढात बरणीच्या कडेला पांढरं येतं. खोबरंही लालसर भाजायचं, कच्चं राहिलं की दिवाळीच्या आत खवट.

डंकावर दोन फेऱ्या करायला सांगा. पहिली मिरची आणि कोरडा मसाला, चाळून. दुसरीत कांदा, लसूण, आलं, मीठ. गर्दीच्या दिवसांत एकाच फेरीत उरकतात, तिथं उभं राहावं लागतं. आधीच्या गिऱ्हाइकाचा माल डंकात राहिलेला असतो, म्हणून आपली मूठभर मिरची आधी फिरवून ती बाजूला काढायला सांगायची. चटणी गरम असते. घरी आणून परातीत पसरा, पुरी गार झाल्यावर बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे आणि मिठाचा थर. गरम भरली तर झाकणाला घाम येतो, आणि तो खाली पडतो कुठं? चटणीतच.

शंकेखोर

कुरडया दरवर्षी फाटतात. चिकाचं काय चुकतं?

डंकवाली

बहुतेक वेळ चुकते. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा आणि रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पिवळं पाणी सगळं ओतून द्या, ते राहिलं की आंबूस वास आणि कुरडई ठिसूळ. एक वाटी चिकाला साधारण एक वाटी पाणी. पाण्याला मीठ-हिंगासकट उकळी आणून चीक धारेनं सोडत हलवायचं, झाकण ठेवून वाफ. पांढरट राहिला तर कच्चा, काचेसारखा चकचकीत दिसला पाहिजे. साच्यातून घालताना चीक गरमच हवा. गार झाला की तारा तुटतात. सात-साडेसातला घालायला घेतलं तर दुपारपर्यंत वरची बाजू धरते, मग उलटता येतात. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.

मधली_सुट्टी

वाळवणाला राखण म्हणून पोरांना गच्चीवर बसवतात, त्याबद्दल. पॅरापेट मोठ्यांच्या कमरेच्या वर नसेल तर लहान पोरांना एकटं बसवू नका, आणि कुंड्या, खाटा, खुर्च्या कठड्याला लावून ठेवू नका, त्यावर चढूनच पोरं वाकतात. मिरचीला हात लागला आणि आग व्हायला लागली तर नुसत्या पाण्यानं जात नाही, तिखटपणा तेलात विरघळतो. आधी खोबरेल चोळून पुसायचं, मग साबण. डोळ्यात गेलं तर मात्र तेल नाही, भरपूर स्वच्छ पाणी आणि डॉक्टर.

सकाळची शाळा लागली की झोपेचं गणित बिघडतं. सहाला उठायचं तर नऊ-साडेनऊला अंथरुणात, आणि दुपारची झोप तासाच्या वर नको, नाहीतर रात्री अकरापर्यंत डोळे टक्क उघडे. साडेबारा-एकला उन्हातनं सायकलवर आलेल्या पोराला थेट फ्रीजचं पाणी देऊ नका असं घरोघरी सांगतात. माठाचं तर माठाचं, पण पाणी द्या, तहान मारून बसवण्यात अर्थ नाही. जुलाब-उलट्या असतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. पन्हं छान लागतं, पण ते औषध नव्हे, गोडीच फार.

रंगपंचमीचा उरलेला रंग फेकून द्या. पुढच्या वर्षी पळसाची फुलं मिळाली तर रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी उकळा, चिमूटभर खायचा चुना टाकला की केशरी रंग गडद होतो. होळीच्या उरलेल्या शेणी टाकायच्या नसतात, कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीला दिल्या जातात, आजही घेतात.

पाचट

बागेचं थोडक्यात. नारळाला बुंध्यापासून चार-पाच फुटांचं गोल आळं, त्यात उसाचं पाचट चार इंच. मार्चमध्ये गुऱ्हाळं आणि तोडी संपत आलेल्या असतात, पाचट सहज मिळतं. बुंध्याला आणि घराच्या भिंतीला टेकवू नका, हातभर जागा सोडा, वाळवी तिथनंच आत शिरते. जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली पातळ साबण, संध्याकाळी. दुपारी मारलं तर पानं भाजतात. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून साबण आधी तेलात घोटायचा. वाळवण गच्चीवर असेल त्या दिवशी फवारणी नको.

कळंबा_रोड

कोटिंगचं शेवटचं राहिलं की. आणि पाणी भरून बघायचं की नाही?

गवंडीकाम

बघायचं, पण भेगा भरल्यावर आणि कोटिंगच्या आधी. म्हणजे वाट्यांचे भिजवायचे सात दिवस आहेत त्यातले शेवटचे दोन. पाइपाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बसवा, दोन इंच पाणी, ४८ तास, आणि खालून छताला खडूनं ओलीच्या कडा आखा. हजार चौरस फुटाला दोन इंच म्हणजे सुमारे ४७०० लिटर, उन्हाळ्यात एवढं पाणी कुठलं? मातीचे बांध घालून चौथाई-चौथाई गच्ची तपासा. पॅरापेटची बाजू आणि पाइपाचं तोंड आधी.

कोटिंगला गच्ची हाडासारखी कोरडी लागते. रात्री प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी कडांना टेपनं चिकटवा. सकाळी खाली घाम दिसला तर थांबा. पहिला हात डब्यावर लिहिलं असेल तेवढंच पाणी घालून पातळ, पुढचे दोन बिनपाण्याचे, एक उभा एक आडवा. वाट्यांवर आणि पाइपाच्या तोंडाशी पहिल्या ओल्या हातातच जाळी बसवा. काम सकाळी दहापर्यंत, नाहीतर पाचनंतर. भर दुपारी वरून कातडं धरतं, खाली ओल अडकते आणि फोड येतात. वळवाचे ढग पश्चिमेला दिसत असतील तर डबा उघडूच नका.

शंकेखोर

पार्किंगच्या पत्र्याचं कुणी लिहिलं नाही. पहिल्या वाऱ्यात तेच फडफडतात.

गवंडीकाम

लोखंडी पत्र्याचा स्क्रू उंचवट्यावर हवा, खोलगट भागात नाही, तिथनं पाणी वाहतं. जुन्या स्क्रूचा रबरी वॉशर नखानं दाबून बघा. चिरा असतील तर वॉशरसकट स्क्रू बदला, आणि भोक मोठं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू. दोन पत्र्यांची लांबीत एकमेकांवर चढण किमान सहा इंच. बाजूच्या जोडाचं तोंड वाऱ्याच्या उलट दिशेला. कडेच्या ओळीला स्क्रू जास्त लागतात, पत्रा उचलायला वारा तिथनंच शिरतो. ड्रिलनं आवळताना वॉशर जरा फुगला की हात काढायचा. पार चेपला तर मे महिन्याच्या उन्हात तडकतो.